गाडीच्या तळातली दोन भोकं

माझी आत्या सोफे आणि गाद्या भरते. दुकान तिचंच, टेम्पोही तिचाच, आणि भरलेले सोफे लोकांच्या घरी पोचवायला तो ती स्वतः चालवते. एवढं ऐकून कुणालाही ती धीट वाटेल. पण आमच्या घराण्यात तिच्याइतकं भित्रं माणूस झालेलं नाही. पाल दिसली की ती खुर्चीवर, वीज कडाडली की पांघरुणात. घराबाहेर पडताना सिलिंडर बंद केलाय का ते ती बघते, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा बघायला येते.

"यम हिला न्यायला आला," आतोबा म्हणतात, "तरी ही आधी त्याच्या रेड्याला घाबरेल."

आतोबा बसचे कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांची एकच मागणी होती. "जन्मभर उभ्यानं गावं बघितली, तीही लोकांच्या डोक्यांवरून. आता खिडकीपाशी बसून बघायचीत." अडचण आत्याची होती. ती परक्या गादीवर झोपत नाही. लॉजवाल्यांच्या गाद्या तिनं स्वतः उसवल्या आहेत, आतून काय काय निघतं ते तिला ठाऊक आहे, आणि विचारलं तर ती ते नेमकं जेवताना सांगते.

यावर तिनंच तोड काढली. जुनी कॅम्पर घ्यायची, म्हणजे आत झोपायची आणि चहा करायची सोय असलेली व्हॅन. गादी आपली, मग गाव कुठलंही असो.

हाताशी पैसे बेताचे, त्यामुळे बघायला मिळालेल्या गाड्याही तशाच. आत्याची पारखायची रीत तिच्या धंद्यातली. इंजिनाकडे ती ढुंकूनही बघायची नाही. बैठक उचलायची, खाली हात घालून वास घ्यायची आणि फळीत दाभण टोचायची. पहिल्या गाडीत दाभण लोण्यात जावं तसं आत गेलं. फळी ओलीनं कुजली होती.

"बाई, गाडी घेताय की इंजेक्शन देताय?" विकणारा म्हणाला.

"ताप आहे का बघते," आत्या म्हणाली आणि खाली उतरली.

दुसऱ्या गाडीचंही तेच झालं. तिसरी गाडी शाळाशाळांतून ग्रुप फोटो काढत हिंडणाऱ्या एका फोटोग्राफरची होती. मला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, ते दोघंच गेले. फळी ठणठणीत निघाली, किंमत आवाक्यातली, आणि टेम्पोचा मेकॅनिक इंजिनाला बरं म्हणाला. टायर बदलावे लागले. त्यात बाकीचा खर्च राहिला, शेगडीचा जुना रबरी पाइपही तसाच राहिला.

आत्याला खटकली ती एकच गोष्ट. शेगडीखाली, सिलिंडरच्या खणाजवळ, तळाला दोन गोल भोकं होती. वाकून बघितलं की खालची जमीन दिसायची.

"ही कसली?" तिनं विचारलं.

"ती असतातच," फोटोग्राफर म्हणाला. "असू द्या."

कशाला असतात ते त्यानं सांगितलं नाही आणि हिनं विचारलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर तोवर साप उभा राहिला होता. रानात गाडी थांबलेली, आपण झोपलेलो, आणि भोकातून तो वर येतोय. घरी आल्यावर तिनं फोमच्या चकत्या कापल्या, त्यांवर तपकिरी रेक्झिन चढवलं, मधोमध बटण टाचलं आणि सोल्युशन लावून दोन्ही भोकं बुजवून टाकली. सोल्युशन म्हणजे फोम चिकटवायचा तो उग्र वासाचा चिकट द्रव. आत्याच्या दुकानात गेलं की आपलं डोकं धरतं, तिला मात्र तो वास असल्याचं कळतही नाही.

दुसऱ्याच दिवशी ते निघाले. आत्या चालवायला, आतोबा खिडकीपाशी. त्यांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली तेव्हा कुठे गाडी हलली.

मी इमारतींच्या हवेचं काम करते. हवा कुठून आत यावी, कुठून बाहेर पडावी, याची ड्रॉइंग काढते. दुपारी मी ऑफिसात तेच करत होते तेव्हा आत्याचे फोटो आले. तळ्याकाठी उभी पांढरी गाडी. खिडकीत आतोबा, तिकीट विचारल्यासारखा चेहरा करून. मग आतली गादी, पडदे, आणि शेवटी शेगडीखालच्या त्या दोन तपकिरी चकत्या. खाली लिहिलं होतं, 'आता मुंगीसुद्धा यायची नाही.'

मी तो शेवटचा फोटो मोठा करून बघितला.

शेगडीतला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा तळाशी साचतो. तो आपोआप खाली निघून जावा म्हणूनच तर ती भोकं असतात. आत्यानं गाडीत काही शिरू नये म्हणून त्याची बाहेर पडायची वाट बंद केली होती. आणि गाडी तळ्यापर्यंत खडबडीत रस्त्यानं गेली होती, त्या जुन्या पाइपासकट.

मी फोन लावला.

"बघितलेस फोटो?" आत्या खुशीत होती. "ती बटणं बघ, सरळ आलीत की नाही—"

"आत्या, शेगडी पेटवलीस?"

"आत्ताच तर थांबलोय. सिलिंडर उघडून ठेवलाय, यांना चहा हवाय."

"आत वास येतोय का कसला?"

"येणारच की. काल सोल्युशन लावलंय. आज तर मलासुद्धा येतोय, डोकं चढलं बघ."

तिलासुद्धा येतोय. म्हणजे तो सोल्युशनचा नव्हता. मागून आतोबांचा आवाज आला, "अगं, काड्यापेटी कुठाय?"

"निळ्या डब्यात," ती त्यांना म्हणाली.

"आत्या, बाहेर पड, दोघंही बाहेर, काडी—"

फोन मुका झाला होता. माझं वाक्य कुठपर्यंत पोचलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. पुन्हा लावला, पुन्हा लावला. लागला नाही.

फोटोतलं तळं ओळखीचं होतं, अग्निशमन दलाला त्याचं नाव सांगितलं. ते निघतो म्हणाले, पण त्यांचं जवळचं ठाणं माझ्यापेक्षा लांब होतं. मी स्कूटर काढली.

तो रस्ता मला आठवतो तो धुराचाच. कुणीतरी पालापाचोळा जाळत होतं. पुढे एका भट्टीचा धूर होता. प्रत्येक धूर मला त्यांच्याच गाडीचा वाटायचा, जवळ गेलं की तो दुसराच कसला तरी निघायचा, आणि हायसं वाटायच्या आत पुढच्या वळणावर नवा दिसायचा. आतोबा हळू आहेत, डबा शोधायला त्यांना वेळ लागेल, असं मी मनाला सांगत होते. पण आत्यानं रंगसुद्धा सांगितला होता.

तळ्याकाठी गाडी उभी होती. धड होती. दार उघडं, आत कुणी नाही.

"आत्या!"

"इकडे," लांब झाडापलीकडून आवाज आला. "तिथं उभी राहू नकोस."

आत्यानं आतोबांची कॉलर मुठीत धरलेली होती. त्यांच्या हातात न ओढलेली काडी होती, पायांत काहीच नव्हतं.

"बाहेर एवढंच ऐकू आलं," आत्या म्हणाली. "म्हटलं, का ते नंतर विचारू."

"मधल्या स्टॉपला उतरवलं मला," आतोबा म्हणाले. त्यांनाच हसू आलं नाही.

मी तिला कारण सांगितलं. कॉलर मात्र तिनं सोडली नाही. सिलिंडर बंद करायला कुणीतरी जायला हवं होतं. सगळं शिकलेली मी, पण माझे पाय त्या दाराकडे वळेनात. आम्ही तिघंही दलाची गाडी येईपर्यंत तिथंच उभे राहिलो.

त्यांनी सिलिंडर बंद केला, चकत्या उपटल्या, पाइप बाहेर आणून दाखवला. वाकवला की चीर दिसत होती.

"भोकं कुणी बुजवली?" त्यांच्यातल्या मोठ्यानं विचारलं.

आत्यानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

त्यानं चकती उलटसुलट करून बघितली. "काम सुरेख आहे," तो म्हणाला आणि ती तिच्या हातात दिली.

गाडी विकणार असं मी धरूनच चालले होते. दुसऱ्या दिवशी आत्यानं ती गावातल्या गॅस मेकॅनिककडे नेली. त्यानं नवा पाइप बसवला, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघितलं, भोकांना बारीक जाळी ठोकली. मग हात पुसत म्हणाला, "पेटवून बघा." आणि आपल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

आम्ही शेगडीकडे बघत राहिलो.

"मी लावतो," आतोबा म्हणाले.

"तुम्ही खाली उतरा. तूपण."

"अगं, पण तू—"

"त्या भिंतीपर्यंत जा," आत्या म्हणाली. "पलीकडे. आणखी."

आम्ही गेलो. आतोबांनी माझा दंड धरला होता, आणि त्यांची बोटं रुतत होती. गाडीच्या खिडकीत आत्याची पाठ तेवढी दिसत होती. पाठ खाली वाकली, मग कितीतरी वेळ हललीच नाही.

काडी ओढल्याचा आवाज आला. आतोबांनी डोळे मिटले.

"या," आतून आत्या म्हणाली. "दार मात्र लावू नका."