कलमाचा चाकू

शेजारच्या मार्थामावशी ओट्यावर बसून त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, चाकूला धार लावत होत्या. कलमं बांधण्यातच काकांचा जन्म गेला. गेल्या उन्हाळ्यात ते वारले.

"हा त्यांच्यासोबत शवपेटीत का नाही ठेवलात?" मी विचारलं.

"मातीत गंजला असता. प्रभू सगळ्यांना उठवेल, पृथ्वीची पुन्हा बाग करील, तेव्हा हे आधी चाकू मागतील. बोथट दिला की चिडतात."

अनंतकाळच्या जीवनावर माझा विश्वास आहे, असं मीही दर रविवारी चर्चमध्ये मोठ्यानं म्हणतो. पण माझ्या मनातला स्वर्ग पांढराशुभ्र, ढगांपलीकडचा. तिथं कुणाच्या नखांत माती असेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

मावशींनी अंगठ्यानं धार पाहिली.

"अजून थोडी हवी," म्हणाल्या आणि दगडावर पाणी शिंपडलं.