अण्णांची स्कूटर आणि माझी कारणे

धारवाडच्या स्टेशनाजवळ, आमच्या ट्रस्टच्या सभागृहामागे, एक मोकळे आवार आहे. पूर्वी तिथे लग्नाच्या पंगती बसत. आता पंगती मंगल कार्यालयांत बसतात आणि आवारात गाड्या उभ्या असतात. मुलाकडे पुण्याला किंवा बंगळूरला काही महिने राहायला निघालेली शेजारच्या मळमड्डी भागातली निवृत्त मंडळी आपली मोटार, आपली स्कूटर आमच्या स्वाधीन करून जातात. सुट्टीत गावी जाणारे विद्यार्थी मोटरसायकली ठेवतात. नफा मिळवायचा नाही, हे ट्रस्टच्या घटनेतच लिहिलेले आहे. जे काही जमते त्यातून बाहेरगावच्या गरजू मुलांच्या जेवणाची सोय होते. मी या ट्रस्टचा मानद कार्यवाह आहे. महाविद्यालयातले तास संपले की संध्याकाळी तिथे जाऊन बसतो.

या कामाने माणूस दमतो असे म्हटले तर कुणाला खरे वाटणार नाही. उभ्या गाड्यांना काय लागते? रविवारी सकाळी मी आणि पहारेकरी मिळून एकेक गाडी सुरू करतो, हातभर पुढे घेतो, हातभर मागे घेतो. चाके एकाच जागी दबू नयेत, बॅटरी उतरू नये, एवढ्यासाठी. गाड्या कुठेही जात नाहीत. त्यांची जाण्याची सवय तेवढी मोडू द्यायची नाही. हे करून घरी आलो की मला जेवण जात नाही. गाड्यांपेक्षा गाड्यांच्या माणसांचे ओझे अधिक असते, हे मला फार उशिरा कळले. अण्णांच्या स्कूटरने ते कळवले.

अण्णा म्हणजे मळमड्डीतले एक निवृत्त शिक्षक. वय पंचाहत्तरीच्या आसपास, पाठ ताठ, गुडघे मात्र पार गेलेले. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा मुलगा बंगळूरहून आला आणि वडिलांची जुनी गिअरची स्कूटर आमच्या आवारात लावून गेला. घरासमोरच्या पत्र्याच्या शेडचे काम काढायचे आहे, तोवर गाडी तुमच्याकडे असू द्या, असे त्याने वडिलांना आणि मला सांगितले. वडील घरी गेल्यावर मात्र तो मागे थांबला.

"काका, एक विनंती आहे," तो म्हणाला. "अण्णांना गाडी परत देऊ नका. दर पंधरा दिवसांनी ते कलघटगीला जातात या स्कूटरवर. आत्याला भेटायला. एवढ्या लांब, त्या ट्रकांमधून. गेल्या महिन्यात स्टेशन रस्त्यावर घसरले, मला शेजाऱ्यांकडून कळलं."

"त्यांना तसं सांगितलंस का?"

"मी सांगितलं तर महिनाभर फोन उचलणार नाहीत. तुम्ही काहीतरी कारण सांगा. फक्त माझं नाव नको."

त्याचे डोळे भरून आले होते. मी हो म्हणालो. समोरच्याचे डोळे भरून आले की मी बहुतेक वेळा हो म्हणतो. त्याला मी बरीच वर्षे माझा चांगुलपणा समजत आलो आहे.

शेडचे काम आठवड्यात आटोपले. अण्णा स्कूटर न्यायला आले. खांद्याला पिशवी, डोक्यावर हेल्मेट घरूनच घातलेले.

"अक्का वाट बघत्येय," ते म्हणाले. अक्का म्हणजे कलघटगीला एकट्या राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भगिनी. "तिच्याकडे शेवग्याच्या शेंगा लागल्यात म्हणे. किल्ली द्या."

त्या वेळी मी स्पष्ट बोलायला हवे होते. पण अण्णांच्या चेहऱ्यावर शेंगांचा आनंद होता, आणि नकार द्यायची वेळ आली की माझा आवाज आधीच खाली येतो. मी म्हणालो, "अण्णा, स्कूटर सुरू होत नाहीये. प्लगचं काहीतरी असावं. बघू आपण."

माझ्यामागे पहारेकरी उभा होता. दोन दिवसांपूर्वीच्या रविवारी त्यानेच ती स्कूटर एका किकमध्ये सुरू केली होती. त्याने माझ्याकडे पाहिले, मग उगाच नळाकडे जाऊन बादली भरू लागला.

दुसऱ्या दिवशी अण्णा मेकॅनिक घेऊन आले. तो बिचारा किक मारणार, स्कूटर सुरू होणार आणि माझे खोटे उघडे पडणार, या भीतीने मी ऑफिसमधून बाहेर आलोच नाही. पण अण्णांनी त्याला आधीच बजावले होते, "प्लग गेलाय. कार्यवाहांनी स्वतः बघितलंय." त्याने आधी प्लग बदलला, मग किक मारली. स्कूटर सुरू झाली. अण्णांनी विजयी मुद्रेने खिडकीतून आत पाहिले. "तुमचं निदान अगदी बरोबर निघालं हो!"

मग मी म्हणालो की किल्ली कोषाध्यक्षांकडे राहिली आहे. हुबळीला, देशपांडे नगरात. मेकॅनिककडे दिली होती ती जोडीतली दुसरी, ती बाहेर नेण्यासाठी चालत नाही, असे काहीतरी मी बोललो. ते काय होते ते मलाही आता सांगता येणार नाही. अण्णा हुबळीला गेले. हुबळीची बस फलाटाला लागून उभी राहते, पाऊल सरळ आत पडते, तेवढे त्यांच्या गुडघ्यांना जमते. कलघटगीच्या बसच्या पायऱ्या उंच. त्या त्यांना चढवत नाहीत, म्हणूनच तर स्कूटर. कोषाध्यक्षांनी त्यांना चहा पाजला आणि मला फोन करून विचारले, "अहो, हे कुठली किल्ली मागताहेत?" मी त्यांनाही हळू आवाजात विनवले. ते चिडून म्हणाले, "मला कशाला ओढता यात?" आणि अण्णांना सांगून मोकळे झाले की किल्ली कालच धारवाडला पाठवली.

त्यानंतर विम्याची मुदत संपल्याचे कारण झाले. ते कारण तरी खरे होते. अण्णांनी विमा भरला आणि कागद माझ्यापुढे ठेवला. एव्हाना ते आवारात शिरताच पहारेकरी ऑफिसच्या दाराशी येऊन दबक्या आवाजात वर्दी देई, "सर, अवरु बंद्रु." ते आले. मग अण्णांची काठी वाजे आणि पाठोपाठ त्यांचा आवाज येई, "काय हो कार्यवाह, आज काय बिघडलंय?"

त्यांना संशय कसा आला नाही, असा प्रश्न कुणीही विचारील. मीही स्वतःला विचारला आहे. अण्णांनी मुलाला विचारले तर तो म्हणे, ट्रस्टवाल्यांनाच विचारा. आणि ट्रस्टवाला मी, मान खाली घालून बोलणारा, चहा मागवणारा, निरोप द्यायला फाटकापर्यंत जाणारा. उर्मटपणे बोलणाऱ्यावर माणूस संशय घेतो. माझ्या मवाळपणावर त्यांनी विश्वास ठेवला. दर वेळी जाताना ते फाटकात उभे राहून अक्कांना फोन करीत. "प्लग बदललाय, आता किल्लीचं राहिलंय." "विमा झाला, पुढच्या आठवड्यात नक्की." माझी कारणे अशी त्यांच्या तोंडून कलघटगीला पोहोचत होती. मी ती खुर्चीत बसून ऐकत असे आणि समोरच्या कामात डोके घालत असे.

"सर, नीवे हेळ्री," पहारेकरी एकदा म्हणाला. तुम्हीच सांगून टाका. "रोज रोज म्हाताऱ्या माणसाला पळवायचं म्हणजे मलाच पाप लागतंय, आणि पगार तर वाढत नाही."

मी हसलो. हसून वेळ निभावून नेली.

श्रावण गेला, गणपती गेले. पितृपक्षात ते आले तेव्हा माझ्याजवळ एकही कारण उरलेले नव्हते. मी म्हणालो, "अण्णा, पितृपक्ष चालू आहे. या दिवसांत गाडी बाहेर काढू नये." मी स्वतः असले काही पाळत नाही. अण्णांनी मात्र कपाळावर हात मारून घेतला. "अरेच्या, माझ्या लक्षातच नव्हतं! बरं झालं सांगितलंत." त्यांनी माझे आभार मानले. त्या संध्याकाळी मला स्वतःची जितकी लाज वाटली तितकी क्वचितच वाटली असेल. तरीही मी उठून त्यांच्या मागे गेलो नाही.

खंडेनवमी हा आमच्या आवारातला वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवस. गावात असलेले मालक येतात, गाड्या धुतात, झेंडूच्या माळा घालतात. बाहेरगावी असलेल्यांच्या गाड्यांची पूजा आम्ही करतो आणि फोनवर त्यांना दाखवतो. शेवटी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवायचे, मालकाने गाडी सुरू करून ते चिरडायचे आणि एक फेरी मारून यायची. पूजा केलेली गाडी हललीच पाहिजे, असा सगळ्यांचा आग्रह असतो.

अण्णा धोतर नेसून, कोट घालून आले. त्यांनी स्कूटर स्वतः पुसली, हँडलला माळ घातली, कुंकू लावले. चाकाखाली लिंबू ठेवताना खाली वाकवेना, तेव्हा पहारेकऱ्याने ते ठेवले. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"पूजा झाली. मालक हजर आहे. गाडी हलायला हवी. आता सांगा, काय बिघडलंय?"

ते चेष्टेने म्हणत होते. किल्लीसाठी हात पुढे केलेला होता. माझ्या खिशात किल्ली होती.

"अण्णा," मी म्हणालो, "गाडी तुम्हाला द्यायची नाही, असं तुमच्या मुलानं सांगितलंय."

"कधी सांगितलं?"

"ठेवली त्याच दिवशी."

त्यांचा हात तसाच पुढे राहिला. "म्हणजे प्लग?"

"प्लगला काही झालेलं नव्हतं."

"त्या पोरानं बदलला की हो!"

"होय."

"आणि किल्ली? मी देशपांडे नगरला जाऊन आलो."

"ती माझ्याकडेच होती."

"पितृपक्षसुद्धा?" त्यांनी विचारले. हा प्रश्न त्यांनी अगदी हळू विचारला. मग ते ओट्यावर बसले. आजूबाजूला गाड्या सुरू होत होत्या, लिंबे फुटत होती, कुणीतरी कोहळा फोडला.

"अहो, पहिल्याच दिवशी सांगायचंत," ते म्हणाले. "मी त्याच दिवशी त्याला फोनवर फैलावर घेतलं असतं. भांडलो असतो. तो हरला असता किंवा मी हरलो असतो. हरलो असतो तर दुसरी काही वाट काढली असती. तुम्ही मला काहीच करू दिलं नाहीत. नुसतं बसवून ठेवलंत, या गाड्यांसारखं."

मी क्षमा मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही, कळले नाही. त्यांनी कोटाच्या खिशातून फोन काढला, लावला आणि माझ्या हातात दिला.

"अक्का आहे. तिला आजवर जे सांगितलं ते सगळं तुमचंच होतं. हेही तुम्हीच सांगा."

"निघालास का रे?" पलीकडून आवाज आला.

"नमस्कार. मी ट्रस्टमधून बोलतोय. अण्णांचं येणं—"

"कोण? मोठ्यानं बोल बाबा, मला ऐकू येत नाही."

मी पुन्हा सांगितले. त्यांना पुन्हा ऐकू आले नाही. शेवटी मी ओरडून म्हणालो, "अण्णा स्कूटरवरून येणार नाहीत! आज नाही, यापुढेही नाही!"

माझा तसला आवाज आवारात कुणी ऐकलेला नव्हता. गाड्या पुसणारे हात थांबले.

"मग हे आधी नाही का सांगायचं?" अक्का म्हणाल्या. "गौरीच्या सणाला माझी नात मला न्यायला आली होती, गाडी घेऊन. महिनाभर धारवाडला माझ्याकडे राहा म्हणाली. मी नको म्हटलं. म्हटलं, तो यायचाय. आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?"

अण्णांनी फोन माझ्याकडून घेतला. "अक्का, मी बसनं येतो. हो, माहीत आहे पायऱ्या उंच आहेत. चढीन. नाही, तू येऊ नकोस, मीच येतो म्हटलं ना!" दोघांचा बराच वेळ वाद चालला. त्यात माझा उल्लेख नव्हता.

"मी माझ्या कारनं सोडतो तुम्हाला," ते उठले तेव्हा मी म्हणालो. "आत्ता निघू."

"नको," अण्णा म्हणाले. "कलघटगी येईपर्यंत तुम्ही क्षमा मागत बसाल. ते माझ्याच्यानं सोसायचं नाही."

मी त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत गेलो नाही. तेवढे तरी मला त्या दिवशी कळले. संध्याकाळी त्यांच्या मुलाला फोन करून सारे सांगितले. तो म्हणाला, "काका, माझं नाव नको म्हटलं होतं ना?" मी म्हणालो, हो, म्हटलं होतंस.

दसऱ्यानंतर पहारेकरी सुटी घेऊन आपल्या गावी गेला. त्याचे गाव कलघटगीच्या पुढे आहे. परत आल्यावर त्याने सांगितले की बसमध्ये अण्णा भेटले. चढताना याने खालून आधार दिला आणि कंडक्टरने वरून ओढून घेतले. जागा मिळाली नाही. बऱ्याच अंतरापर्यंत उभेच होते.

"माझ्याविषयी काही म्हणाले?" मी विचारले.

"नाही सर," तो म्हणाला. "पिशवीत अक्कासाठी पिकलेली केळी होती. गर्दीत ती चेंगरतील म्हणून सगळं लक्ष तिकडेच होतं."