सरांचं जुनं वजन

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते उमरेडच्या शाळेतल्या माझ्या गणिताच्या सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. सर मला एसटीने नागपूरला घेऊन आले आणि प्रवेशाच्या रांगेत माझ्यासोबत उभे राहिले. त्या शिक्षणावर मी डायलिसिसचा तंत्रज्ञ झालो. पुढे सरांच्याच किडन्या गेल्या आणि ते आठवड्यातून तीनदा माझ्याकडे येऊ लागले. उपकारांची फेड मी उपदेशाने केली.

प्रत्येक रुग्णाच्या फाईलवर ‘ड्राय वेट’ असतं. अंगातलं जादा पाणी काढल्यावर उरायला हवं ते वजन. सरांचं बासष्ट किलो. मी दर वेळी त्यांना बरोबर बासष्टवर आणायचो, तरी ब्लड प्रेशर उतरेना. माझं चुकणं शक्यच नव्हतं. म्हणजे सर चोरून पापड खात असणार. मी त्यांना प्यालेलं पाणी वहीत लिहायला लावलं आणि वही तपासून लाल पेनाने सही केली.

“काहून रागावतं गा? नाही खाल्ले पापड.”

“सर, सगळे असंच म्हणतात.”

बाजूला बसलेल्या काकू, सरांच्या पत्नी, भडकल्या. “पापड कुठला? पोळी जात नाही त्याईच्या घशाखाली. दोन महिन्यांपासून सारे सदरे उसवून लहान करून राहिली मी.”

मी काकूंना खारट पदार्थांचा छापील तक्ता दिला.

शेजारच्या खाटेशी डॉक्टर होते. ते वळले. “माणूस सुकला आणि वजन तेच? मग मांस गेलं त्या जागी काय भरलं?”

पाणी. ज्यांनी मला वजाबाकी शिकवली, त्यांना मी दोन महिने अंगात पाणी ठेवून घरी पाठवत होतो. हृदय थकायला लागलं होतं, असं तपासणीत निघालं. डॉक्टरांनी ड्राय वेट थोडं थोडं उतरवायला घेतलं, तसं प्रेशरही उतरू लागलं. तोंडावर बोलायची माझी हिंमत झाली नाही. पोस्टाने पत्र पाठवलं:

“आदरणीय सर, तुम्ही खरं बोलत होता. जुना आकडा मी डोळे मिटून धरला आणि तुमच्याकडे पाहिलंच नाही. डॉक्टरांना तेव्हाच विचारायला हवं होतं. क्षमा मागतो. गुरुवारी आणखी पाव किलो कमी करायचं आहे. पाणी काढताना पायात गोळे आले तर माझी भीड धरून सोसू नका, लगेच सांगा. आपला विद्यार्थी.”