कंपनीची गोळी

अकराही माणसांची उंची पाच फूट सहा इंच होती आणि वजन बहात्तर किलो. आजार एकालाही नव्हता. मधुमेह, रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड, पूर्वीचं ऑपरेशन असे तेरा प्रश्न, आणि तेराच्या तेरा चौकटींत ‘नो’वर टिक. टिकासुद्धा एकाच वळणाच्या. साठीला टेकलेली, तीस-तीस वर्षं तेलाच्या विहिरींवर उन्हात राबलेली माणसं इतकी ठणठणीत असतील, तर कतारमधल्या या दुखान गावचं पाणी बाटल्यांत भरून विकायला हवं होतं.

फॉर्म माझ्या टेबलावर होते, दोह्याच्या अल सद्द भागातल्या आमच्या ऑफिसात. मी इन्शुरन्स ब्रोकरकडे काम करते. ब्रोकर म्हणजे इन्शुरन्स घेणारा आणि देणारा यांच्या मधला. दोघांचीही बोलणी खाणं हा कामाचा भाग. इथल्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसी बघणं हे माझं मुख्य काम. पण निवृत्त होऊन भारतात परतणाऱ्यांचे फॉर्मही आम्ही इथं भरून घेतो, पॉलिसी मुंबईहून निघते. कारण इथं नोकरी आहे तोवर कंपनीचं कार्ड चालतं. व्हिसा रद्द झाला की कार्डही खलास. मग साठाव्या वर्षी माणूस गावी उतरतो तो दोन मोठ्या बॅगा घेऊन, आणि आयुष्यात पहिल्यांदाच इन्शुरन्सशिवाय.

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या मॅथ्यूसरांनी दुखानला एक सेशन ठेवलं होतं. सेशनचं नाव ‘गोल्डन होरायझन’. ब्रोशरवर रुपेरी केसांचं एक जोडपं समुद्रकाठी पळत होतं. दोघंही पांढऱ्या कपड्यांत, दोघंही खो खो हसत. आजारपणाची तजवीज करताना इतकं हसू येतं हे मला एकोणीस वर्षांच्या नोकरीत कळलं नव्हतं. सरांनी ‘प्लॅटिनम’ प्लॅन समजावून सांगितला. त्यात एअर अँब्युलन्स होती. समोर बसलेले फिटर, वेल्डर आणि ड्रायव्हर आदबीनं ऐकत होते आणि सामोसे गार होत होते.

अकरा फॉर्मांतला मूळ कुठला हे ओळखणं सोपं होतं. दत्ताराम कदमांचा. निळी शाई, मोत्यासारखं अक्षर. बाकीचे दहा त्यावरून उतरवलेले. मी त्यांना फोन करून बोलावलं. गुरुवारी दुपारी ते कंपनीच्या बसनं दोह्यात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत फाइल.

कदम पाटण तालुक्यातले, कंपनीत रिगर फोरमन. रिगर म्हणजे क्रेनच्या हुकाला ओझं बांधणारा. बांधणी चुकली तर खाली उभा असलेला माणूस जातो. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हाताखाली कुणी गेला नव्हता. नोकरीचे सोळा महिने उरले होते.

“सगळ्यांची उंची एकच कशी?” मी विचारलं.

“माझी हाय ती,” ते म्हणाले. त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. मुंबईत आखाती नोकऱ्या देणाऱ्या एजंटच्या ऑफिसात पहिला फॉर्म भरला तेव्हापासूनची ही रीत. ज्याचं अक्षर चांगलं त्यानं एक भरायचा, बाकीच्यांनी मेसच्या टेबलावर बसून उतरवायचा. नाव आणि पासपोर्ट नंबर तेवढा आपापला. असे भरलेले फॉर्म कधी परत येत नाहीत, असा त्यांचा अनुभव. उंचीपर्यंत कुणी वाचत नाही, हाही त्यांचा अनुभव, आणि बराचसा खरा.

आमच्या ऑफिसबॉयनं चहा आणला. कदमांनी बिनसाखरेचा मागितला होता. दोन घोट घेतल्यावर त्यांनी खिशातून प्लास्टिकची छोटी पुडी काढली आणि एक गोळी तोंडात टाकली.

“ही कसली?”

“ही? ही कंपनीची गोळी.”

“कशावरची?”

“साखरेची म्हन्तात. क्लिनिकवाला दर महिन्याला देतो. फुकट असते.”

“किती वर्षं घेताय?”

“अकरा झाली असतील.”

मी फॉर्मवरच्या पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. मधुमेह, नो. त्यांनी बोटाकडे पाहिलं, मग सावकाश फाइल उघडली. आत दरवर्षीच्या मेडिकलची सर्टिफिकेटं होती, एकूण अठ्ठावीस, प्रत्येक लॅमिनेट केलेलं. प्रत्येकावर तोच शिक्का: फिट.

“मॅडम, आजार असता तर ह्यांनी फिट दिलं असतं का?”

त्यांना मी काय सांगितलं ते थोडक्यात सांगते. फिट म्हणजे कामाला लावण्याइतका बरा. कंपनीला हवं तेवढंच ते सर्टिफिकेट सांगतं. इन्शुरन्स कंपनीचा प्रश्न वेगळा असतो: पॉलिसी घेण्याआधीपासून तुम्हाला काय आहे? याला प्री-एक्झिस्टिंग म्हणतात. सांगितलंत तर त्या आजारासाठी दोन-तीन वर्षं थांबायला लावतात, तो वेटिंग पीरियड. लपवलंत तर लगेच पॉलिसी मिळते. आणि ज्या दिवशी ती लागते त्या दिवशी जुने कागद उकरले जातात आणि क्लेम नाकारला जातो.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, इथं यायच्या आधीच्या, मुंबईतल्या मेडिकलला त्यांच्या बरोबर त्यांच्याच वाडीतला एक मित्र होता. दोघांनी एकत्र कर्ज काढून एजंटचे पैसे भरले होते. डॉक्टरनं मित्राला विचारलं, कधी खोकला झाला होता का? तो सरळ माणूस. म्हणाला, लहानपणी झाला होता, सहा महिने औषध चाललं. सहा महिने म्हणजे टीबी; त्याच्या कागदावर अनफिट आलं. कदम विमानात बसले, मित्र एसटीत.

“तवापास्नं,” ते म्हणाले, “फॉर्मवर आपन नो लिवतो.”

मी एकोणीस वर्षं या धंद्यात आहे. फॉर्म नीट का भरावा यावर मी तासभर बोलू शकते. पण या माणसाची अख्खी नोकरी एका ‘नो’वर उभी होती आणि तो ‘नो’ अठ्ठावीस वर्षं टिकला होता.

“तुम्ही तुमच्या फॉर्मवर सगळं लिवलंय का?” त्यांनी मध्येच विचारलं.

“लिहिलंय. दुसऱ्या खेपेला.” माझी थायरॉइडची गोळी पहिल्या खेपेला माझ्याही लक्षात आली नव्हती. वसईहून आई पाठवायची, म्हणून ती मला आईची गोळी वाटायची.

ते हसले. मला तेवढी फट पुरली. मी विचारलं, “लिफ्ट करायच्या आधी कागदावर ओझ्याचं वजन लिहिता ना? पाच टनाच्या जागी कुणी तीन टन लिहिलं तर?”

“क्रेन उलटंल.”

“लिहिल्या लिहिल्या?”

“लिवल्यावर कशी? उचलताना.” त्यांनी पुडी फॉर्मवर, पहिल्या चौकटीशेजारी ठेवली.

मी दुसरं पान उलटलं. त्यावर पत्नीची माहिती होती. सुमन दत्ताराम कदम, वय चोपन्न, तेरा नो.

“वहिनींचं?”

“तिला काय न्हाई. धडधाकट हाय.”

मी म्हटलं, फोन लावून विचारा. त्यांनी लावला आणि स्पीकरवर ठेवला. आधी खुशाली झाली, म्हशीची चौकशी झाली. मग ते म्हणाले, “इन्शुरन्सच्या मॅडम विचारतात, तुला काय आजार हाय का?”

पलीकडे कोंबड्या हाकलल्याचा आवाज आला.

“त्यास्नी द्या फोन,” वहिनी म्हणाल्या. “तुमास्नी न्हाई सांगायचं.”

“वहिनी, ते समोरच बसलेत. फोन स्पीकरवर आहे,” मी म्हटलं. लपवाछपवीला मी आणखी हातभार लावणार नव्हते.

“ऐकू द्या मग. कवातरी कळायचंच.” दोन वर्षांमागं छातीत दुखलं, त्यांनी सांगितलं. कराडच्या हॉस्पिटलात तीन दिवस ठेवलं होतं. एक नळी थोडी बंद आहे म्हणाले. सध्या गोळ्या आहेत, पुढं बघू म्हणाले.

“तू लेकीकडं बारशाला गेलती म्हनलीस,” कदम म्हणाले.

“बारसं झालंच की. मी हास्पिटलात हुते, एवढंच.”

कदमांनी टेबलाची कड धरली होती. मी उठून बाहेर जावं की बसून राहावं हे मला ठरवता आलं नाही, म्हणून मी फॉर्म नीट लावत बसले.

“आन तुमचं काय?” वहिनी म्हणाल्या. “तुमी लिवलं का खरं?”

“मला साखर हाय,” ते म्हणाले. “अकरा वर्षं झाली.”



“म्हनून व्हय,” वहिनी म्हणाल्या, “सुट्टीला आला की पुरनाची पोळी ताटात तशीच ठेवताय. मला वाटायचं, माझ्या हाताची चव गेली.”

कदमांनी खिशाचं पेन काढलं आणि माझ्याकडे कोरा फॉर्म मागितला.

बाकीचे दहा फॉर्मही मी परत पाठवले, तेव्हा मॅथ्यूसरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. अकरा तयार पॉलिसी मी घालवतेय असं त्यांचं म्हणणं. शिवाय, गेल्या आठवड्यापर्यंत ही माणसं हेल्दी होती, तू त्यांना आजारी केलंस. मी म्हटलं, मी फक्त विचारलं. सरांनी ब्रोशरवरच्या पळणाऱ्या जोडप्याकडे एकदा बघितलं आणि सुस्कारा टाकून मला दुखानला जायची गाडी मंजूर केली. माणूस वाईट नाही, त्यांना टार्गेट असतं एवढंच.

या खेपेला मी स्लाइड नेल्या नाहीत. घरातला वजनकाटा आणि शिंप्याची टेप नेली. निरोप आधीच दिला होता की प्रत्येकानं आपापल्या गोळ्या घेऊन यावं. कदमांनी मेसचं लांब टेबल रिकामं करून ठेवलं होतं. अकरा जणांनी पुड्या काढून मांडल्या. टेबल लहान पडलं. “आरं, तुझी बी लाल हाय का?” असं म्हणत माणसं एकमेकांच्या पुड्या बघत होती. वीस-वीस वर्षं एका खोलीत राहून शेजारच्या बंकवरच्याचं बीपी कुणाला माहीत नव्हतं. उंचीही मोजली. पाच फूट सहा इंच फक्त कदम निघाले.

कदम धरून सात जणांनी नवे फॉर्म भरले. चौघांनी ‘विचार करतो, इन्शाल्ला’ म्हटलं आणि दुसऱ्या एजंटकडून जुन्याच टिकांवर पॉलिसी घेतली. त्यांना ती दोन दिवसांत मिळाली.

कदमांना प्लॅन निवडायला तीन आठवडे लागले. प्लॅटिनमच्या यादीतलं सगळ्यात जवळचं कॅशलेस हॉस्पिटल पुण्यात होतं. कॅशलेस म्हणजे बिल इन्शुरन्स कंपनी परस्पर भरते, आपण आधी पैसे उभे करायचे नाहीत. छातीत दुखणाऱ्या बाईला घाट उतरून पुण्याला न्यायचं, मग ते बिल फुकट. एअर अँब्युलन्सचं मी त्यांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, “सपाट जागा म्हंजे शाळेचं पटांगन. तिथं बायकांचं वाळवन असतंय. हेलिकॉप्टर आलं तर निम्मे पापड साताऱ्यात.”

शेवटी त्यांनी एक साधा प्लॅन घेतला. नाव लक्षात राहू नये इतका साधा, पण यादीत कराडचं तेच हॉस्पिटल होतं. वहिनींना पहिल्या कंपनीनं नाकारलं. त्या दिवशी कदमांचा फोन आला, फक्त म्हणाले, “अनफिट आलं, मॅडम.” मी म्हटलं, अजून दोन कंपन्या आहेत. दुसरीनं घेतलं, को-पेवर. म्हणजे दर बिलातला पाचवा हिस्सा आपण भरायचा. आणि एक गोष्ट मी हट्टानं करायला लावली: दोघांच्याही पॉलिसी निवृत्तीपर्यंत न थांबता लगेच सुरू केल्या. वेटिंग पीरियडचे पंधरा महिने इथं कंपनीचं कार्ड चालू असतानाच सरले. गावी गेल्यावर घ्यायची म्हणून थांबणारे हे महिने फुकट घालवतात.

गेल्या वर्षी कदम परतले. सहा महिन्यांनी वहिनी गोठ्यात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. कराडला ऑपरेशन. इन्शुरन्स कंपनीनं नेहमीप्रमाणे शंका काढली: पेशंट याच हॉस्पिटलात आधी ॲडमिट होत्या, हे सांगितलं होतं का? मी मुंबईला फॉर्मचं दुसरं पान पाठवलं. निळ्या शाईत, मोत्यासारख्या अक्षरात सगळं होतं, तीन दिवसांसकट. संध्याकाळपर्यंत मंजुरी आली. हृदयाचं मात्र अजून वर्षभर त्यांना स्वतःच बघायचंय. खरं लिहिलं की सगळं मिळतं, असं मी कुणाला सांगत नाही.

त्या चौघांपैकी एकाचा क्लेम त्याच सुमारास नाकारला गेला. कॅज्युअल्टीत डॉक्टरनं विचारलं, साखर किती वर्षं? घाबरलेल्या माणसानं खरं ते सांगितलं, नऊ. ते कागदावर आलं. अनेकजण पहिल्यांदा खरं बोलतात ते स्ट्रेचरवर, आणि नेमकं तेच लिहून घेतलं जातं. त्याच्या मुलानं मला फोन केला. तक्रार कुठं करायची तो पत्ता मी त्याला दिला.

कदम आता वाडीत लोकांचे फॉर्म भरून देतात. अक्षर चांगलं म्हणून लोक येतात, पण उतरवू देत नाहीत म्हणून कुरकुरतात. अठ्ठावीस सर्टिफिकेटांचं काय केलं, मी एकदा विचारलं. वहिनींनी त्यातली काही डब्यांखाली घातलीत म्हणाले; लॅमिनेट केलेलं असल्यानं पुसायला बरं पडतं. दाराशी त्यांनी पाटी लावली आहे, तिचा फोटो मला पाठवला. ‘फॉर्म भरायला येताना पेन आणू नये. गोळ्या आणाव्यात. बायकोला बरोबर आणावे.’