शालनताईंनी न पाहिलेलं पठार

शालनताईंना ओमानमधल्या कुठल्याही जागेचं नाव सांगा, त्या तिथला नळ सांगत. कुरुमची बाग म्हटली की, "फाटकाच्या डाव्या हाताक नळ आसा, पाणी बरां येता." रुस्ताकचा किल्ला म्हटला की, "मागल्या भिंतीकडे वारो लागणा नाय, शेगडी बरी पेटता." बुरुजावरून काय दिसतं, ते मात्र माहीत नाही. वर कधी गेल्याच नव्हत्या.

आमच्या मस्कतच्या मराठी मंडळाची रीतच तशी. सहलीला पुरुषांनी गाड्या चालवायच्या, पोरांनी हुंदडायचं आणि बायकांनी तिथे जाऊन पुऱ्या तळायच्या. घरून डबे न्यायला काय धाड भरली होती? पण नाही, अध्यक्षांना गरम पुरीच पानात लागे. आणि तळायला मालवणच्या शालनताईंचाच हात हवा. समुद्रकिनारा असला तरी त्यांची पाठ समुद्राकडे.

खनिज तेलाचे भाव पडले आणि त्यांच्या यजमानांची नोकरी गेली. परत जाण्याआधी त्यांना एकच बघायचं होतं, दक्षिणेकडचं, पावसाळ्यात हिरवं होणारं सलालाहचं पठार. "इतकी वर्सां वाळू बघलंय, एकदा गवतातसून चालाचां आसा," म्हणायच्या.

ईदच्या सुट्टीत मंडळाची बस सलालाहला गेली. पठारावर उतरलो तर सगळीकडे हिरवंगार, उंट निवांत चरताहेत. शालनताई चपला काढून निघाल्यादेखील. तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, आधी पोटोबा. पठार कुठे पळून जातंय?" यजमानांनीही डोळ्यांनी दटावलं. त्या मागे वळल्या. माझं डोकं सणकलं. म्हटलं, ताई, तुम्ही जा, मी तळते. तर माझ्या पुऱ्या म्हणे फुगत नाहीत!

शेवटचा घाणा निघेपर्यंत धुकं खाली उतरलं. समोरचा माणूस दिसेना. यल्ला, यल्ला करत ड्रायव्हरने सगळ्यांना बसमध्ये बसवलं. मस्कतपर्यंत रस्ताभर पुरुषमंडळी पोटावर हात ठेवून घोरत होती. शालनताई ओल्या काचेतून बाहेर बघत होत्या.

निरोपाच्या दिवशी अध्यक्षांनी त्यांच्या पुऱ्यांचे तोंडभरून गोडवे गायले. पठाराचा शब्द नाही. आणि मंडळाने भेट काय द्यावी? भलीमोठी कढई! वर टाळ्या.

ताईंनी ती हातातसुद्धा घेतली नाही. माईकसमोर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "ही हंयच रवांदे. माका तां पठार आता जल्मात बघूक गावाचां नाय. फुडच्या सहलीक तुमी तळा, बायलमाणसांका बघूक सोडा."