डाळिंबी थेंब

पिस्तुलाचा चाप सपाट हवा की बाकदार, यावर कुणी हातातला घास हातातच ठेवून वाद घालेल का? गुंडूराव घालायचे! बंगळूरच्या पीण्या भागातल्या कारखान्यात दिवसभर पोलाद घासून जयनगरला घरी आले, की चहा घेऊन मागच्या पडवीत नेमबाजांची छऱ्याची पिस्तुलं वाइसच्या पकडीत आवळून पुन्हा घासायला बसायचे. पंचाण्णव-शहाण्णव सालची ही गोष्ट. परदेशी चाप मागवणं सगळ्यांना झेपायचं नाही, आणि मागवला तरी तो आपल्या बोटाला बसेलच असं कुठे होतं? मग धाव गुंडूअण्णांकडे.

कुणी आलं की ते आधी बायकोकडून, सुनंदाबाईंकडून, कणकेचा गोळा मागून घ्यायचे. "दाबा बोट. नेम धरताना दाबता तस्सं. लाजताय काय?" तो ठसा उजेडात धरून बघायचे आणि मग निकाल द्यायचे. बाकदार चाप बोटाला एकाच जागी अडकवून ठेवतो. सपाट चापावर बोट हवं तिथे ठेवता येतं आणि ओढ सरळ मागे जाते. पण ज्याचं बोट रोज नव्या जागी पडतं, त्याला सपाट चाप म्हणजे नुसता ताप. "तुला बेडा, नको हा चाप," असं तोंडावर सांगून मोकळे व्हायचे. माणूस रुसला तर रुसला!

स्पर्धेचा एक नियम असतो. चापाला अर्ध्या किलोचं वजन टांगून पिस्तूल उचलतात. चाप सुटला तर नेमबाज बाद. आता सपाट चापावर वजन टांगायचा आकडा घसरून खाली टोकाशी जातो, आणि टोकाशी चाप थोडक्या ओढीनेही सुटतो. म्हणून गुंडूराव मुळात टोकालाच वजन टांगून चाप बसवायचे. बोटाला तो किंचित जड लागायचा खरा, पण त्यांच्या हातचं पिस्तूल कधी बाद झालं नव्हतं.

काम झालं की चापाची ओढ ठरवणाऱ्या स्क्रूवर ते नखांना लावायच्या रंगाचा एक थेंब टाकायचे. लेक रूपश्री लग्न होऊन हुबळीला गेली, तिची डाळिंबी रंगाची बाटली मागे राहिली होती. तसा रंग पुढे दुकानातही मिळेना. नेमबाजांच्या क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं, की डाळिंबी थेंब अखंड असला तर अण्णांनंतर स्क्रूला कुणाचा हात लागलेला नाही.

संतोषकुमार हा क्लबातला नेमबाज, चिकपेटेतल्या कापडवाल्याचा मुलगा. "अण्णा, अक्का" करत घरात शिरला आणि घरचाच झाला. रविवारी सुनंदाबाई त्याच्यासाठी चित्रान्न झाकून ठेवायच्या. त्याच्या सपाट चापात तर गुंडूरावांनी असा जीव ओतला होता, की विचारू नका. तरी हा म्हणालाच, "अण्णा, स्वल्प हलका करा ना."

"नाही. वजन टोकाला गेलं की सुटेल. बाद होशील, गाढवा!"

तो हसला, पाया पडला आणि पिस्तूल घेऊन गेला.

राज्य स्पर्धेचा दिवस उजाडला. क्लबचे नरसिंहराव स्वतः तपासणीला बसले होते. राज्याच्या संघाची सगळी पिस्तुलं यंदापासून गुंडूरावांच्या हाती द्यायची, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. गुंडूराव इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. संतोषच्या चापाला वजन टांगलं, आकडा घसरला आणि चाप खाडकन सुटला. पुन्हा टांगलं. पुन्हा तेच.

"मी काय करू?" संतोष सगळ्यांसमोर ओरडला. "अण्णांनी दिलं तसं आणलंय. मी हातसुद्धा लावला नाही!"

गुंडूरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "थेंब बघा! थेंब फुटला असेल तर यानेच स्क्रू फिरवलाय!"

नरसिंहरावांनी चष्मा लावून बघितलं. थेंब अखंड होता.

"गुंडूराव, थेंब तर जागेवर आहे की हो," ते हळूच म्हणाले.

ज्या खुणेवर इतकी वर्षं विश्वास ठेवला, तीच खूण उलटली. लोक बाजूला होऊन कुजबुजायला लागले. संघाचं काम त्याच संध्याकाळी दुसऱ्याला गेलं.

घरी येऊन ते पानावर बसले. सुनंदाबाईंना बिचारीला काय ठाऊक! "संतोष जिंकला का हो? परवा तुम्ही कारखान्यात असताना आला होता. अण्णांनी रूपश्रीची रंगाची बाटली मागवलीय म्हणाला. संध्याकाळी तुम्ही यायच्या आत परत आणून दिली हो, चित्रान्न खाऊन गेला."

गुंडूरावांनी ताट सरकवलं. "माझ्याच घरातून," ते म्हणाले.

दुसऱ्या रविवारी सुनंदाबाईंनीच चपला घातल्या. "चला. मी सांगते त्या नरसिंहरावांना." जन्मात क्लबाची पायरी न चढलेली बाई सगळ्यांसमोर उभी राहिली आणि बाटलीची हकिगत सांगून टाकली. संतोष तिथेच होता. त्याने डोळ्याला डोळा भिडवला नाही.

"अक्का, मी कधी आलो तुमच्या घरी? तुमचा काहीतरी घोळ होतोय."

नरसिंहरावांनी घसा खाकरला. बायको नवऱ्याचीच बाजू घेणार, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. रिक्षात बसल्यावर सुनंदाबाई म्हणाल्या, "मला खोटं पाडलं हो त्यानं. मला!" आणि रडल्या.

पुढची स्पर्धा जवळ आली तेव्हा दारावर थाप पडली. संतोष पिस्तुलाची पेटी घेऊन उभा होता. त्याचा चाप पुन्हा नीट बसवणं दुसऱ्या कुणाला जमेना.

"अक्का, अण्णा आहेत ना? स्वल्प काम होतं."

सुनंदाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कोण रे बाबा तू? तू तर आमच्या घरी कधी आलाच नाहीस."

आणि दार लावून घेतलं.

आत पडवीत गुंडूराव ताडकन उठले होते. कानस अजून हातातच होती. त्याला हाक मारून आत घ्यावं, असं अजूनही त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याचाच त्यांना जास्त राग आला.