जीप, रंग आणि माझा प्रश्न
ऑइलपेंटचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. लढाई संपल्यावर मामंजींनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप इस्लामपूरला आणली, दुरुस्त केली आणि दसऱ्यासाठी आतूनबाहेरून रंगवली. पूजेनंतर सगळे जीपमध्ये बसले. मला, नव्या सुनेला, कुणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून मी विचारलं, “कुठं निघालात?” जीप सुरूच होईना. सासूबाई कडाडल्या, “निघताना कुठं म्हणून इचारत्यात व्हय गं?” फौजेत ड्रायव्हर असलेल्या दिरांनी बॅटरीची चासीला, म्हणजे जीपच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेली वायर सोडली आणि तिच्याखालचा रंग खरवडला. म्हणाले, “रंगावर आवळलीया, करंट जाईल कसा?” वायर पुन्हा आवळताच जीप सुरू झाली. रंग मामंजींनी दिला होता, पण त्यांना कुणी काही म्हटलं नाही. मला मात्र जीप वळणापलीकडे जाईपर्यंत दाराआड उभं केलं. आज या घरात मीच थोरली आहे. निघणाऱ्या प्रत्येकाला मी दारात गाठून विचारते, “कुठं निघालास?”